पदवीनंतरची दोन वर्षं

२०२५च्या गणपतीत लालबागला बहिणीकडे गेलो, तेव्हा घरात दोन गोष्टींची घाई चालली होती. एक नैवेद्याची आणि दुसरी कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मची. भाची पलंगाच्या कडेला मोबाइल घेऊन बसली होती. फोटो किती केबीचा हवा, पांढऱ्या कागदावर सही कशी करायची, परीक्षेला मुंबईनंतर दुसरं शहर कोणतं टाकायचं, असं एकेक चाललं होतं. बहीण मोदकाची पारी वळता वळता पुन्हा पुन्हा विचारत होती, "अगं, पण यंदा जायचं की नंतर, ते तरी ठरलंय का?" मेहुण्यांचं मत पक्कं होतं. "भरून टाक. एकदा पगाराची सवय लागली की शिक्षण संपलं." आणि देवापाशी वाती सारख्या करत बसलेली तिची आजी म्हणाली, "वर्ष वाया घालवू नकोस, बाई."

भाची तेव्हा कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती, म्हणजे टीवायला. अभ्यासात चांगली आहे. एमबीए करायचं हे तिचं बारावीपासून ठरलेलं. प्रश्न फक्त कधी करायचं एवढाच होता, आणि त्यावर घरात तीन पिढ्यांची तीन मतं होती. त्या दिवशी आरतीनंतर मी तिला काहीच सांगितलं नाही, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मग महिना-दीड महिना गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात ओळखीच्या आणि अनोळखी घरांतून हाच प्रश्न विचारत फिरलो. माटुंग्याच्या कॉलेजांबाहेर उभा राहिलो, दादरच्या क्लासमधल्या शिक्षकांशी बोललो, जी मुलं पदवीनंतर लगेच गेली त्यांना भेटलो आणि जी दोन-तीन वर्षं थांबून गेली त्यांनाही.

हे फिरणं तसं फार लांबचं नव्हतं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ओळखलं जाणारं सिडनहॅम १९१३ साली याच शहरात निघालं. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ची. तिच्या उभारणीत अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची मदत होती. चर्चगेटला या दोन्ही संस्थांमध्ये पायी जाता येईल एवढंच अंतर आहे, आणि गिरगावातून निघालं तर मरीन लाइन्सवरून चालत दोन्हीकडे पोचता येतं. माटुंग्याला शिक्षण प्रसारक मंडळीचं रुईया १९३७चं, पोदार १९४१चं आणि त्यांच्या शेजारचं वेलिंगकर १९७७चं. बी.कॉम. आणि व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी यांच्यामध्ये अनेकदा एका भिंतीचंच अंतर असतं. एवढ्या जवळचा दरवाजा उघडा दिसला की लगेच आत जावं असं वाटणं साहजिक आहे.

आधी वेळापत्रक सांगतो, कारण बहुतेक घरांमध्ये गोंधळ तिथेच सुरू होतो. कॅट गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. २०२५ साली ती ३० तारखेला होती. फॉर्म ऑगस्टमध्ये निघतात आणि सप्टेंबरात बंद होतात, म्हणजे लालबागच्या घरांसाठी ऐन गणपतीत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अर्ज करता येतो. राज्याची सीईटी साधारण मार्च-एप्रिलमध्ये येते, नेमकी सहाव्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर. याचा अर्थ असा, की पदवीनंतर 'लगेच' जायचं असेल तर तयारी एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच सुरू व्हायला हवी. टीवायच्या दिवाळीत "आता बघू" म्हणणाऱ्या मुलामुलींचा निर्णय बऱ्याच वेळा कॅलेंडरनेच करून टाकलेला असतो. शिवाय कॅटचा स्कोअर त्या एका प्रवेशवर्षापुरताच चालतो, पुढच्या वर्षी परीक्षा नव्याने द्यावी लागते. जीमॅट या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर मात्र पाच वर्षं टिकतो. हा फरक माझ्या भेटीतल्या निम्म्या पालकांना ठाऊक नव्हता.

आता आजीच्या वाक्याकडे येतो. 'वर्ष वाया' हे शब्द मी या फिरण्यात इतक्या वेळा ऐकले, की ते आले कुठून याचाच शोध घ्यावासा वाटला.

लालबाग-परळमध्ये त्याचं उत्तर १८ जानेवारी १९८२ या तारखेत आहे. गिरणी कामगारांचा संप त्या दिवशी सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. भाचीचे आजोबा गिरणीच्या सांचे खात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. "दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे" असं म्हणून ते घरी बसले, आणि त्यानंतर त्यांना पक्की नोकरी मिळाली नाही. आजीने खानावळीचे डबे करून घर चालवलं. ज्या बाईने 'थोडे दिवस थांबणं' हे असं पाहिलंय, तिच्यापुढे नात म्हणते, "दोन वर्षं थांबते." आजीला त्यात दोन वर्षांची नोकरी ऐकू येत नाही, थांबणं तेवढं ऐकू येतं. मी तिला म्हटलं, "आजी, ती घरी नाही बसणार, कामाला जाणार आहे." आजी म्हणाली, "हेही असंच म्हणायचे." यावर काय बोलणार?

गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत मूळ वेगळं आहे. तिथे बँक, एलआयसी, रेल्वे, मंत्रालय यांच्या नोकऱ्यांवर दोन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या. त्या नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत वयोमर्यादेची ओळ असायची. वय निघून गेलं की दार बंद. त्यामुळे शिक्षण एका दमात उरकायचं आणि वय हातात ठेवून परीक्षांना बसायचं, ही रीत पडली. ती त्या काळी शहाणपणाचीच होती. पण कॅटला कमाल वयाची अट नाही आणि आपल्या सीईटीलाही नाही. ठाकूरद्वारच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. नातवाकडून मोबाइलवर नियम वाचून घेतला, मग गप्प बसले. त्यांच्या घरात नातवाच्या एमबीएवरून वर्षभर जो वाद चालला होता, त्याचा अर्धा भाग या एका नसलेल्या अटीवर उभा होता.

आणि वर्ष जाणं प्रत्येक वेळी मुलांच्या हातात असतं असंही नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल कित्येक आठवडे रखडले. पुढच्या प्रवेशांवर डोळे लावून बसलेली मुलं गुणपत्रिकेसाठी चकरा मारत राहिली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. कोविडच्या काळात एमबीएची सीईटी २०२१ साली सप्टेंबरात घ्यावी लागली. त्या दोन्ही वेळी जे नोकरीत होते त्यांचं फारसं बिघडलं नाही. ज्यांनी सगळं पुढच्या जूनवर टांगून ठेवलं होतं ते लटकले.

* * *

मी स्वतः बी.कॉम.चा निकाल लागल्यावर दोन महिन्यांत व्यवस्थापनाच्या वर्गात जाऊन बसलो होतो. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले होते. पहिल्याच सत्रात एका कंपनीचे ताळेबंद आमच्यापुढे ठेवून सरांनी विचारलं, की या कंपनीची विक्री वाढलेली दिसते, मग हातात रोकड का नाही? मी रात्रभर बसून सगळी गुणोत्तरं काढली होती आणि ती बरोबर होती. माझ्या शेजारी बसणारा मुलगा सहा वर्षं औषध कंपनीत एमआर होता. त्याने आकडेमोड केलीच नव्हती. तो म्हणाला, "सर, हा माल विकला गेलेला नाही. स्टॉकिस्टच्या गोदामात ढकललाय. मार्च एंडिंगला टार्गेट पुरं करायला आम्ही हेच करायचो." सर हसले आणि त्यांनी फळ्यावर तेच लिहिलं.

त्या तासाला मला जे कळलं, ते दोन वर्षांत पुन्हा पुन्हा कळत राहिलं. व्यवस्थापनाचं शिक्षण हे पाहिलेल्या गोष्टींना नाव देण्याचं शिक्षण आहे. ज्याने काही पाहिलेलंच नाही, तो फक्त नावं पाठ करतो. मी नावं पाठ केली, परीक्षाही चांगल्या गुणांनी पास झालो आणि पहिल्या नोकरीत वर्षभर स्टॉकिस्टकडे फेऱ्या मारताना वर्गातला एकेक तास मला उलगडत गेला. तोवर वर्ग संपला होता. प्रवेशाच्या वेळी मला अनेक प्रश्न विचारले गेले, पण "आत्ताच का येतोस?" हा प्रश्न त्या संस्थेत कोणी विचारला नाही. घरीही कोणी विचारला नाही.

आज हा प्रश्न मुलाखतीत हमखास विचारतात. काही आयआयएम आपल्या निवडीच्या सूत्रात कामाच्या महिन्यांना गुण देतात, पण ते एका मर्यादेपर्यंतच चढतात. साधारण दोन-तीन वर्षांनंतर त्यात फारशी भर पडत नाही. दहावी-बारावीच्या गुणांनाही अनेक ठिकाणी वजन आहे. ज्या मुलीला दहावीला ८२ टक्के पडले, तिचे ते आता ९५ होणार नाहीत. पदवी हातात आल्यावर आपल्याला वाढवता येतील अशा गोष्टी दोनच उरतात, परीक्षेचा स्कोअर आणि अनुभव. मुलांच्या भाषेत 'पर्सेंटाइल' आणि 'वर्कएक्स'.

दादरच्या क्लासमधले एक शिक्षक वीसेक वर्षं कॅटचं गणित शिकवतात. त्यांचं निरीक्षण असं, की टीवायच्या मुलांचं गणित ताजं असतं, हात भरभर चालतो. नोकरी करून येणाऱ्यांचं गणित गंजलेलं असतं, पण कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे त्यांना लवकर उमगतं. दोन तासांच्या पेपरात हे सोडून देणं फार मोलाचं. मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटलं. नोकरी आणि अभ्यास एकत्र करणारी बरीच मुलं सप्टेंबरात गळतात. डोकं कमी पडतं म्हणून नाही, सहा पन्नासची लोकल आणि घरातली जागा यांनी गळतात. त्यावर नंतर येतो.

एक भेद मात्र नीट ध्यानात घ्यायला हवा. मुलं ज्याला 'ड्रॉप' म्हणतात तो आणि नोकरीची दोन वर्षं, या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉप म्हणजे घरी बसून फक्त परीक्षेची तयारी. परळमधल्या एका मुलाने असे सलग दोन ड्रॉप घेतले. दुसऱ्या वर्षी स्कोअर वाढला, कॉलही आले, पण मुलाखतीत "या दोन वर्षांत काय केलंत?" या प्रश्नापुढे त्याच्याकडे 'अभ्यास' या एका शब्दापलीकडे काही नव्हतं. आजीची भीती अशा ड्रॉपबद्दल असेल, तर ती रास्त आहे. पदवीनंतर नुसतं घरी बसून एमबीएची तयारी करावी, असं मी कुणालाही सुचवणार नाही.

* * *

पैशाबद्दल आपल्या घरांत दबक्या आवाजात बोललं जातं. तो कागदावर मांडला की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात, म्हणून भाचीबरोबर बसून मी तो मांडला.

जुन्या, मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी आज २० लाखांच्या पुढे आहे. २० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये येतो. दहा वर्षांत बँकेला ३१ लाखांहून जास्त परत जातात. शिकत असतानाचं व्याज वेगळं. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते, पण व्याज तोवर थांबत नाही. आता हीच मुलगी आधी दोन वर्षं ३५ हजारांच्या नोकरीत राहिली आणि महिन्याला १५ हजार बाजूला टाकू शकली, तर ३ लाख ६० हजार जमतात. तेवढं कर्ज कमी काढलं की हप्ता पावणेपाच हजारांनी उतरतो. पावणेपाच हजार म्हणजे लालबागच्या घरात महिन्याचा किराणा.

याची दुसरी बाजूही त्याच कागदावर लिहायला हवी. जितकं थांबाल तितकी फी वाढते, आणि शिकायला जाताना सोडावा लागणारा पगारही वाढतो. ३५ हजारांची नोकरी सोडून दोन वर्षं शिकणं म्हणजे ८ लाख ४० हजारांवर पाणी सोडणं. सत्तर हजारांची सोडताना तोच आकडा दुप्पट होतो. मग हातून नोकरी सुटत नाही. मेहुण्यांची "पगाराची सवय" ही भीती इथे खरी ठरते. म्हणून मी दोन वर्षं म्हणतो, फार तर तीन. पाचव्या वर्षी बहुतेकांना वेगळा रस्ता शोधावा लागतो: हैदराबादच्या आयएसबीसारखा एक वर्षाचा अभ्यासक्रम, ज्याला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा आयआयएममधले चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतरचे अभ्यासक्रम. ते चांगले आहेत, पण महागही आहेत.

केंद्र सरकारने २०२४च्या नोव्हेंबरात पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळण्याची सोय त्यात आहे; कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतीचीही तरतूद आहे. चाळीतली खोली पागडीची, तारण ठेवायला कागद नाही, म्हणून ज्या घरांनी हा विचारच सोडून दिला होता त्यांनी ही योजना जरूर पाहावी.

आणि इथे माझ्याच मताला एक मोठा अपवाद करतो. राज्याच्या सीईटीतून जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमच्या व्यवस्थापन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थेत टीवायच्या वर्षीच प्रवेश मिळत असेल, फी आवाक्यात असेल आणि घरून जा-ये करता येत असेल, तर त्या मुलीने किंवा मुलाने जावं. वसतिगृहाचा खर्च नाही, डोक्यावर वीस लाखांचं ओझं नाही. या प्रवेशात गुणानुक्रम परीक्षेच्या गुणांवर लागतो; अनुभवाला तिथे वेगळे गुण नाहीत, त्यामुळे थांबून त्या रांगेत पुढे सरकता येत नाही. अनुभवाची उणीव मात्र राहतेच. ती उन्हाळी इंटर्नशिपच्या दोन महिन्यांत थोडी भरून काढावी लागते, आणि त्या दोन महिन्यांत केबिनमध्ये बसून प्रेझेंटेशन करण्यापेक्षा बाजारात फिरण्याचं काम मागून घ्यावं.

तिसरा रस्ता आता फारसा कोणी बोलत नाही, पण गिरगावात त्याची माणसं अजून भेटतात. बजाज संस्थेत संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. मुगभाटातले एक गृहस्थ फोर्टात बँकेत होते. सहाला काउंटर आवरून चर्चगेटला वर्गात जायचे आणि रात्री साडेनऊला चालत घरी. तीन वर्षं त्यांनी मुलीला फक्त झोपलेली पाहिली, असं त्यांची बायको सांगत होती. पण दिवसा बँकेत जे अडायचं ते संध्याकाळी वर्गात विचारता यायचं आणि संध्याकाळी जे समजायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी करून बघता यायचं. असं शिकणं मला हेव्याचं वाटलं. त्यांना त्यासाठी नोकरी सोडावी लागली नाही, कर्जही काढावं लागलं नाही.

मुलींच्या बाबतीत या सगळ्या हिशेबात आणखी एक ओळ येते, आणि ती कागदावर कोणी लिहीत नाही. बाविसाव्या वर्षी पदवी, दोन वर्षं नोकरी, दोन वर्षं एमबीए, म्हणजे सव्वीस-सत्तावीस. "मग स्थळं कधी बघायची?" हा प्रश्न मला पाच घरांत आयांनी विचारला, मुलगी स्वयंपाकघरात गेल्यावर. त्यातल्या एका घरात मुलीला घाईने एमबीएला पाठवलं होतं. तिला शिकायचं होतं म्हणून नाही, 'शिक्षण एकदाचं उरकलं' की लग्नाचं बघता येईल म्हणून. वीस लाखांचं कर्ज आणि मुलीच्या आयुष्यातली दोन वर्षं अशा हिशेबावर खर्च करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी त्या घरात बोलूनही दाखवलं. सव्वीस हे वय लग्नाला उशिराचं नाही. शिकायलाही नाही.

* * *

या फिरण्यात परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीतही जाऊन आलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून वीसेक वर्षं तिथे राहिले. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळवली होती. पुढे बडोद्यात अस्पृश्यतेचे चटके, मुंबईत शिकवण्या, गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय आणि जात कळताच तुटलेली गिऱ्हाइकं. १९१८च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं, आणि १९२०च्या जुलैत पुन्हा लंडनला निघाले. आशियातल्या पहिल्या कॉमर्स कॉलेजचा प्राध्यापक एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसला. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी.

बाबासाहेबांनी सोसलं त्याची आजच्या एखाद्या फॉर्मशी तुलना मी करणार नाही. तो खंड त्यांनी निवडला नव्हता, तो त्यांच्यावर लादला गेला. पण त्या चाळीच्या जिन्यात उभं राहिल्यावर मला वाटलं, की 'वर्ष वाया' हे शब्द ज्या वस्तीत सगळ्यात जास्त ऐकले, त्याच वस्तीत त्यांचं सगळ्यात मोठं उत्तरही आहे. ती तीन वर्षं त्यांनी आपल्या कमाईत घातली, आणि जे अर्ध्यावर राहिलं होतं ते पुरं केलं.

पुढे कोटक महिंद्रा बँक उभी करणाऱ्या उदय कोटक यांचंही एक वर्ष असंच हुकलं. बजाज संस्थेत शिकत असताना क्रिकेटच्या कांगा लीगच्या एका सामन्यात त्यांच्या डोक्याला चेंडू लागला. तातडीने शस्त्रक्रिया झाली, परीक्षा हुकली, वर्ष गेलं. ते वर्ष त्यांनी फोर्टातल्या घरच्या कापसाच्या व्यापारात काढलं आणि मग परत येऊन १९८२ साली पदवी घेतली. त्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

परदेशाबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या मोठ्या बिझनेस स्कूलांत वर्गाचा सरासरी अनुभव चार-पाच वर्षांच्या आसपास असतो. तिथे पदवीनंतर थेट येणारा विद्यार्थी हा अपवाद. हार्वर्डमध्ये शेवटच्या वर्षाला अर्ज करून जागा राखून ठेवायची आणि किमान दोन वर्षं काम करून मग यायचं, अशी सोय आहे. आपल्या आयआयएम अहमदाबादच्या उभारणीत हार्वर्डची मदत होती. तिथून केसवर चर्चा करून शिकवण्याची पद्धत आपण आणली, पण वर्गात बसणाऱ्याने आधी काम केलेलं असावं ही तिथली रीत आपल्याकडे पुरती रुजली नाही.

२०२५-२६ मध्ये आणखी एक फाटा फुटला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ मध्ये प्रवेश घेतलेली मुलं तेव्हा तिसऱ्या वर्षाला पोचली. या मुलांना तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं. परदेशी जायचा पक्का विचार असेल तर चौथ्या वर्षाचा उपयोग होऊ शकतो. इथेच एमबीए करायचं असेल, तर ते वर्ष मी कॉलेजात घालवण्यापेक्षा कामात घालवावं असं म्हणेन.

भाचीचं काय ठरलं ते सांगतो. ३० नोव्हेंबर २०२५ला कॅट द्यायची. मार्चनंतर सीईटीही द्यायची. सीईटीतून बजाज किंवा सिडनहॅम मिळालं तर जायचं. नाही मिळालं, तर लोअर परळमधल्या ज्या ऑडिट ऑफिसात तिने सुट्टीत काम केलं तिथे जून २०२६ पासून रुजू व्हायचं, आणि दोन वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसायचं. मेहुण्यांना हे पटायला चार रविवार लागले. आजीला पटलं आहे की नाही, मला माहीत नाही. पण परवा ती नातीला म्हणाली, "ऑफिसातून आलीस की आधी जेव, मग बस अभ्यासाला. टीव्ही मी बंद ठेवीन."

दादरच्या शिक्षकांनी सांगितलेली जागेची गोष्ट ती हीच. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. दिवसभर काम करून आलेल्या मुलीला रात्री नऊ ते अकरा शांतता आणि एक दिवा एवढंच हवं असतं. वाचनालयांच्या आणि मंडळांच्या अभ्यासिकांनी नोकरी करणाऱ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत दार उघडं ठेवलं, तर या पट्ट्यातल्या कितीतरी मुलामुलींना सप्टेंबर पार करता येईल. तुमच्या मंडळाची किंवा वाचनालयाची अभ्यासिका असेल, तर ती रात्री अकरापर्यंत उघडी ठेवा. दिवाळीनंतर तर नक्कीच, कारण परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी असते.